दोन्ही का?

अमेरिकेत डॉक्टरकी आणि पीएचडी एकत्र करता येते. साधारण आठ वर्षे लागतात: आधी वैद्यकाची दोन वर्षे, मग प्रयोगशाळेत संशोधन, प्रबंध पुरा झाला की पुन्हा वॉर्डात. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, १९६४पासून अशा विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला पैसा द्यायला सुरुवात केली. त्या पैशावर नागरिक आणि ग्रीनकार्डवाले यांचाच हक्क असतो, त्यामुळे इथून एमबीबीएस होऊन जाणाऱ्यांना ही वाट जवळजवळ बंदच आहे. माझी भाची न्यू जर्सीत जन्मली आणि वाढली, तिला ती मोकळी होती. अर्जाचे निबंध लिहायला ती मे महिन्यात भोरला आमच्याकडे येऊन राहिली.

निबंध तीन. डॉक्टर का व्हायचे, यासाठी ५३०० अक्षरे. दोन्ही पदव्या कशाला, यासाठी ३०००. आतापर्यंत काय संशोधन केले, यासाठी १०,०००. मधल्या मोकळ्या जागाही मोजतात. मी वेल्ह्याच्या बाजूला सरकारी दवाखान्यात बरीच वर्षे काढली, नंतर भोरला स्वतःचा दवाखाना टाकला, पण डॉक्टर का व्हायचंय हे मला आयुष्यात कोणी लिहून मागितले नव्हते. आजही आपल्याकडे नीटचे ७२०पैकी गुण बघतात आणि जागा देतात. लाखो मुलांना एकाच मापाने मोजायचे तर दुसरा उपाय काढणे अवघड आहे, हे मला कळते. तरी तो प्रश्न विचारलाच जात नाही, ही उणीव मला त्या महिन्यात फार लागली.

आठवड्यातून एक दिवस मी अजून वेल्ह्यात रुग्ण तपासतो. भाची सोबत यायची. नसरापूर, मार्गासनी, मग समोर तोरणा. मे महिन्यात आमच्याकडे राब भाजून झालेले असतात, पावसाच्या आधी कौले शाकारायची, सरपण आत घ्यायचे, अशी लोकांची घाई असते. कौल उचलले, लाकडाची मोळी हलवली की विंचू निघतो. त्यातला लाल विंचू वाईट. एका दुपारी आईने दहा-अकरा वर्षांचा मुलगा उचलून आणला. अंग घामाने निथळत होते, हातपाय गार, उलट्या चाललेल्या. प्राझोसिनची गोळी दिली, सलाईन जपून चालवले, दर अर्ध्या तासाने छाती आणि रक्तदाब बघत राहिलो. रात्री हातपाय गरम झाले. सकाळी त्याने चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी भाचीचा पहिला निबंध तयार. सुरुवात त्या मुलापासून. भाषा सुंदर होती. सह्याद्रीची दुर्गम दरी, आईचा टाहो, कंदिलाचा उजेड आणि त्यात उभी राहिलेली ती.

मी म्हटले, "आपल्याकडे वीज होती गं. आणि त्याची आई रडली नाही. ती शांतपणे किती वाजता चावला ते सांगत होती, त्या वेळेवरून मी सगळं ठरवलं."

"मामा, निबंधात थोडं असं लागतं."

"मग त्या माऊलीला विचारून ये. तुमच्या मुलाची गोष्ट माझ्या अर्जात घालू का म्हणून."

ती खरोखर गेली. आईने हसून हो म्हटले, वर जांभळे दिली. पण परत आल्यावर भाचीनेच तो मजकूर काढून टाकला. मला ते मनापासून आवडले. आमच्या वाड्यावस्त्यांवरची माणसे आपले दुखणे घेऊन दवाखान्यात येतात, ते बरे व्हावे म्हणून. परदेशातल्या मुलाचा अर्ज उठून दिसावा म्हणून नव्हे. पंधरा दिवसांसाठी खेड्यात यायचे, गळ्यात स्टेथोस्कोप घालून फोटो काढायचे आणि त्यावर निबंध लिहायचा, हा प्रकार मी पाहिला आहे आणि तो मला गैर वाटतो.

मग लिहायचे काय? ते आमच्या आईमुळे सुटले. रात्री अंगणात बसलो असताना तिने नातीला विचारले, "तू रोगी बघणार की प्रयोग करणार? एक काय ते ठरव की." ३००० अक्षरांच्या निबंधाचा प्रश्न तंतोतंत हाच होता. भाचीला उत्तर देता येईना.

त्या रात्री मी त्यांना वरंध घाटापलीकडची हकीकत सांगितली. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसे काही तासांत फुप्फुसात पाणी भरून जात होती, आणि त्यावर उपाय पुस्तकात सापडत नव्हता. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून घाम, नाडी, रक्तदाब, हातापायांचा गारठा यांच्या नोंदी ठेवल्या. १९८२ साली त्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आल्या. विषाने शरीरात अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, तो हृदयाला झेपत नाही, हे धरून त्यांनी रक्तदाबाची साधी गोळी, प्राझोसिन, वापरली. १९८६मध्ये तेही 'लॅन्सेट'ने छापले. दगावणाऱ्यांचे प्रमाण एकेकाळी ३० टक्क्यांच्या घरात होते, ते अगदी थोड्यावर आले. पुढे विंचवाच्या विषावरचे प्रतिविष निघाले, तेव्हा प्राझोसिनबरोबर ते दिल्याने रुग्ण लवकर सावरतो का, हेही त्यांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह तपासले आणि २०११ साली 'बीएमजे'त मांडले. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वेल्ह्यातल्या त्या मुलाला दिलेली गोळी घाटापलीकडच्या अशा वहीतून आलेली होती.

भाची गप्प झाली. मग म्हणाली, "मामा, विंचवाचं विष सोडियमच्या दारांवर काम करतं ना?"

कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती मज्जापेशींच्या याच सोडियम-द्वारांवर काम करत होती. ही दारे उघडतात आणि क्षणात मिटतात, विंचवाचे विष ती मिटू देत नाही. तिने हे विष बाटलीतल्या पावडरीच्या रूपात हाताळले होते. त्याने गार पडलेला हात तिने पहिल्यांदा वेल्ह्यात धरला. दोन्ही का, याचे तिचे उत्तर तिथे होते. तिने ते आधी आजीला सांगितले. आजीने मधे मधे अडवले, "म्हंजे काय?" असे विचारले, आणि जे आजीला पटले तेच निबंधात राहिले. मुलाचा उल्लेख एका ओळीचा, गाव नाही, वय नाही.

तिसऱ्या निबंधाला सगळ्यात जास्त वेळ गेला. गाईडने काय केले आणि आपण काय केले, हे वेगळे काढणे नवख्याला जड जाते. पहिल्या खर्ड्यात सगळीकडे 'आम्ही' होते. मी प्रत्येक वाक्याला विचारत गेलो: हे तुझ्या हाताने झालं का? फसलेला प्रयोग तिने वगळला होता, तो मी परत घालायला लावला, कारण तो का फसला हे शोधताना तिने स्वतः डोके चालवले होते. असा निबंध वाचणारे लोक संशोधकच असतात. प्रयोग फसतात हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

तिला प्रवेश मिळाला. सध्या ती प्रयोगशाळेच्या वर्षांत आहे, विषय सोडियम-द्वारांचाच आहे.

आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांना माझी एक विनंती आहे. इंटर्नशिपमध्ये ग्रामीण भागात पाठवलेल्या प्रत्येक मुलाकडून परतताना एक पान लिहून घ्या: तिथे दिसलेला, पुस्तकात उत्तर न सापडलेला एक प्रश्न. त्याला ना निधी लागतो, ना वरची परवानगी. भोर-वेल्ह्याच्या दवाखान्यांतून असे प्रश्न रोज समोर येतात. ते लिहून ठेवणारी मुले आम्हाला हवी आहेत.