डीकनचा कोट

'द वायर' या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या तिसऱ्या पर्वात एक डीकन, म्हणजे चर्चचा सेवक, येतो. तुरुंगातून सुटलेल्या कटीला काहीतरी कामधंद्याला लावायला बघतो. भूमिका चिमुकली, पण आजूबाजूला सगळे अभिनय करत असताना हा नुसता उभा असतो आणि नजर त्याच्यावरून हलत नाही.

हा नट नव्हेच. हा मेल्विन विल्यम्स ऊर्फ 'लिटल मेल्विन', एके काळी बाल्टिमोरच्या हेरॉइनच्या धंद्यातलं बडं प्रस्थ. १९८४ साली तो पकडला गेला, त्या तपासात एड बर्न्स नावाचा डिटेक्टिव्ह होता. १९८७ मध्ये 'बाल्टिमोर सन'च्या डेव्हिड सायमननं मेल्विनच्या साम्राज्यावर लेखमाला लिहिली. पुढे बर्न्स पोलीस खातं सोडून शाळेत शिकवायला लागला, सायमननं वर्तमानपत्र सोडलं आणि दोघं मालिका लिहायला बसले. मेल्विन २००३ मध्ये सुटून आला, तर त्यालाच बोलावून अंगावर डीकनचा कोट चढवला! पकडणारा, त्याची बातमी करणारा आणि पकडला गेलेला, तिघं एकाच मालिकेच्या पगारावर. दुपारी जेवायच्या सुट्टीत हे एकमेकांशी काय बोलत असतील? तू फोनवर तेव्हा काय म्हणाला होतास, ते मी ऐकलं होतं, असं? मला त्या साठ भागांपेक्षा ही जेवणाची सुट्टी बघायला आवडली असती.

असल्या मालिकांना नंबर देत बसणाऱ्यांचा मला राग येत नाही, मीही देतो. 'ब्रेकिंग बॅड' तिसरी. रसायनशास्त्राचा मास्तर ड्रग बनवायला लागतो, ती घसरण इतकी चोख रचलेली आहे की कधीकधी रचनाच दिसते. त्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे एका माशीमागे धावण्यात गेलेला. पुष्कळांना तो कंटाळवाणा वाटतो. वाटो बापडा.

'द सोप्रानोज'ला पहिला नंबर देता देता हात अडखळतो, तो लिव्हियामुळे. मालिकेचा नायक, माफिया टोळीचा म्होरक्या टोनी, त्याची ही आई. 'मला मेलीला कोण विचारतं' या सुरात अख्खं घर ओलीस धरणारी अशी बाई आपल्याकडे दर तिसऱ्या वाड्यात होती. फक्त पोटच्या पोराच्या खुनाच्या कटाला हातभार लावण्यापर्यंत तिची मजल जात नसे. लिव्हिया साकारणारी नॅन्सी मार्चंड २००० साली गेली आणि मालिकेतलं काहीतरी तिच्याबरोबर गेलं. २००७ च्या जूनमध्ये शेवटच्या भागात पडदा एकाएकी काळा झाला, तेव्हा केबल गेली असं समजून अमेरिकेतली माणसं टीव्हीवर डाफरली. मला तो शेवट पसंत आहे. जेवणाच्या टेबलावरून उठवून कुणाला न्यायचंच, तर असं न्यावं.

तरी पहिली 'द वायर'च. गोदी, पालिका, शाळा, वर्तमानपत्र, दर पर्वात शहराचा एकेक दरवाजा उघडतो आणि आत तोच जुना हिशेब चाललेला दिसतो. वरच्या साहेबाला आकडे हवेत, म्हणून खालचा आकडे बनवतो. शाळेच्या पर्वाइतकं मुलांविषयी खरं काही मी टीव्हीवर पाहिलेलं नाही. एवढं करून तिला एमी पुरस्कार एकही मिळाला नाही.

सुरुवातीला नावं लक्षात राहणार नाहीत, बोली कळणार नाही. सबटायटल लावा आणि चौथा भाग संपेपर्यंत सोडू नका. त्यात बंक आणि मॅकनल्टी हे दोन डिटेक्टिव्ह एका स्वयंपाकघरात जुन्या खुनाची जागा तपासतात आणि अख्खा प्रसंगभर एकाच शिवीवर भागवतात. घरात लहान मुलं असतील, तर ती झोपल्यावर बघा.