बाबांचा पंप

जून २०२३. डोंबिवली फास्ट, लेडीज फर्स्ट क्लास. फर्स्ट क्लास म्हणजे पास महाग, बाकी चेंगराचेंगरी तीच. खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि मोबाइलवर एका संपादकांचा मेसेज... ‘कॉपी कधी?’

गाडीने ठाणे सोडलं आणि अचानक वाटलं, श्वास पुरता आत जात नाहीये. जातोय, पण वरच्या वर अडकतोय. बादलीत तांब्या बुडवावा आणि तो दरवेळी अर्धाच भरून यावा, तसं. मग मी जोरात ओढला. आणखी जोरात. बोटांना मुंग्या, ओठांभोवती मुंग्या, पुढच्या मुलीच्या केसांतली क्लिप एकदम लांब गेल्यासारखी. मनात एकच... मी इथेच जाणार आणि या बायका म्हणणार, ‘अगं, जरा आत सरक ना!’

घाटकोपरला उतरले, बाकावर बसले. दहा-पंधरा मिनिटांत सगळं ओसरलं. तरी स्टेशनबाहेरच्या एका छोट्या क्लिनिकमध्ये गेले. ऑक्सिजन ९९, ईसीजी नॉर्मल. ‘टेन्शन घेऊ नका,’ असं म्हणून डॉक्टरांनी फी घेतली. टेन्शन घेऊ नका हे वाक्य ऐकून आजपर्यंत कोणाचं टेन्शन गेलंय, ते मला एकदा कळवा.

आमच्या घरात श्वास हा सीरियस विषय आहे. बाबांना दमा. लहानपणी रात्री जाग यायची ती त्यांच्या छातीतल्या शिट्टीने. आई पाठीवर हात फिरवतेय, बाबा पलंगाच्या कडेला पुढे वाकून बसलेत, हे चित्र मला पाढ्यांच्या आधीपासून पाठ आहे. २०२१च्या दुसऱ्या लाटेत तर आई दर दोन तासांनी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायची. तेव्हा मी जे लॉजिक लढवलं ते तुम्हीही लढवलं असतं... नाक बाबांचं, दमाही बाबांचा.

आणि मी त्यांचा पंप चोरून घ्यायला लागले.

दोन पफ. हात थरथरायचे, छाती धडधडायची. मला वाटायचं, बघा, वाढतंय! मग तिसरा पफ. त्या औषधानेच थरथर आणि धडधड होऊ शकते, हे मला माहीत नव्हतं. मास कॉमची डिग्री, रोज गूगलवर दहा गोष्टी शोधणारी मी, पण पंपाच्या खोक्यातला कागद काही उघडून वाचला नाही.

बाहेर वेगळाच तमाशा. फास्ट सोडून स्लो धरली. म्हणजे प्रत्येक स्टेशनला उतरायची सोय. मग स्लोही नको, कॅब. एका स्टोरीचे जेवढे मिळायचे त्यातले निम्मे कॅबला. मग ‘टाउन’मधली कामंच नको. ‘त्या दिवशी दुसरी कमिटमेंट आहे,’ असं सांगून तीन स्टोरीज सोडल्या. फ्रीलान्सरला सिक लीव्ह नसते, नुसता फोन यायचा बंद होतो. श्वास भरून यावा म्हणून सारख्या जांभया यायच्या, ते निराळंच. एका शेफची मुलाखत घेताना इतक्या जांभया दिल्या की त्याने विचारलं, ‘बोअर होतंय का?’ त्याला काय सांगणार?

पकडली गेले ती कालनिर्णयमुळे. बाबा नवा पंप उघडला की त्या तारखेवर छोटा ‘प’ लिहितात. एका रविवारी त्यांनी पानं मागेपुढे केली आणि शांतपणे विचारलं, ‘हा पंप महिनाभर आधी कसा संपला?’

सांगून टाकलं. रडत, नाक पुसत, सगळं. मला वाटलं आता ओरडणार. ओरडले नाहीत. म्हणाले, ‘बँकेत मी सहा वर्षं कोणाला कळू दिलं नव्हतं. बाथरूममध्ये जाऊन घ्यायचो. नळ सोडून.’

हे आईलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी ते मला त्यांच्या छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे नळीत जीव खाऊन फुंकायची टेस्ट झाली. रिपोर्ट? एकदम नॉर्मल. आणि खरं सांगू, मी खट्टू झाले. दम्याला निदान मान असतो हो! लोक उठून जागा देतात. माझ्या छातीत काहीच सापडलं नाही, म्हणजे मी नाटकं करत होते की काय?

डॉक्टर म्हणाले, नाटक नाही. दम्यात श्वासनळ्या आकसतात, हवा बाहेर सोडणं जास्त जड जातं. तुझं उलट आहे. भीतीने तू गरजेपेक्षा जास्त आणि भरभर श्वास घेतेस, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. तो कमी झाला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून गरगरतं. बोटांना, ओठांना मुंग्या येतात त्याही त्यामुळेच. म्हणजे मला ‘हवा कमी’ वाटत होती, तेव्हा मी हवा जास्तच ओढत होते! सिनेमातल्यासारखी कागदी पिशवी तोंडाला लावू का, असंही विचारलं. ते म्हणाले, अजिबात नको. कधी खरंच दमा किंवा हार्टचं काही असेल तर तीच पिशवी महागात पडेल. हे दोन्ही एकाच माणसाला असू शकतं, तेव्हा आधी तपासायचं, मग ठरवायचं.

पुढचा स्टॉप काउन्सेलर. दुसऱ्या भेटीत त्यांनी मला मुद्दाम एक मिनिट भरभर श्वास घ्यायला लावला, तेही घड्याळ लावून. चाळिसाव्या सेकंदाला बोटांना मुंग्या. तीच खोली, तोच पंखा, बाहेर कोणीतरी कुकर लावलेला, काहीही वाईट घडत नव्हतं आणि तरी सगळं तस्संच! थांबले, थोड्या वेळाने उतरलं. घाटकोपरच्या बाकावर मला जे मरण वाटलं होतं, ते मी खुर्चीत बसून स्वतः तयार करू शकत होते. इतकं हसू आलं की त्यांनाही हसावं लागलं.

मग होमवर्क. आधी स्लोने मुलुंडपर्यंत. मग फास्टने ठाणे. मग ठाण्याला न उतरता पुढे. हे दोन ओळींत लिहिलं, पण त्यात चार महिने गेले आणि मध्ये दोनदा मी कॅब केलीच. फीचंही गणित होतं. पंधरा दिवसांतून एकदाच परवडायचं. (फी झेपत नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस लाइन २०२२पासून आहे, १४४१६. फुकट, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं.)

श्वासाचा क्लास मात्र बाबांनी घेतला. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायला शिकवलं होतं. ‘ओढायच्या मागे लागू नकोस. सोड. आत येणारा आपोआप येतो.’ ते मला जमेना, तर त्यांनी चहा बशीत ओतला आणि बशी माझ्यासमोर धरली. ‘फुंकर घाल. चहा सांडता कामा नये.’ आता संध्याकाळी गॅलरीत आम्ही दोघं बशीत फुंकर घालत बसतो आणि आई म्हणते, कपात काय वाईट होता!

परवा कुर्ल्याच्या आसपास पुन्हा आलं. बऱ्याच दिवसांनी. मी दांडा धरून उभी राहिले, बशी आठवली, दादर आलं, भायखळा आलं. स्टोरी करून रात्री घरी पोचले तर चेहरा बघून बाबांनी ओळखलंच. टीव्हीचा आवाज कमी केला.

‘आत घेताना की सोडताना?’

‘आत घेताना.’

‘मग तुझंच. माझं नाही,’ म्हणाले, आणि आवाज पुन्हा वाढवला.