माझा मीच काढलेला फोटो

ही गेली तेव्हा हार घालायला एक धड फोटो सापडेना. शेवटी भाच्याच्या लग्नातल्या ग्रूप फोटोतून कापून मोठा करून घेतला. तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात अजून दिसतो. मुलांवर पुन्हा ती वेळ नको, म्हणून पंचाहत्तरीत हा उद्योग.

साहित्य घरचंच. एलईडीचा टेबल लॅम्प, त्यापुढे बटर पेपर, दुसऱ्या बाजूला टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल, पुस्तकांच्या चळतीवर मोबाइल आणि दहा सेकंदांचा टायमर. दिवा समोर ठेवला तर चेहरा पोळीसारखा सपाट. खालून लावला तर नाटकातलं भूत! थोडा बाजूला आणि डोळ्यांच्या वर नेला, तेव्हा सावलीतल्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण उमटला. रेम्ब्रांच्या नावाने ओळखतात तो हाच. चष्म्यातली चकाकी मात्र जाईना. दिवा आणखी वर घेतला, चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित उचलल्या आणि डोळे दिसले.

फोटो लेकीला पाठवला. "छान आलाय बाबा, पण हसला का नाहीत?"

समोरून 'हसा की जरा' म्हणणारं कुणी नव्हतं. तिला हे सांगितलं नाही, इथे लिहिलं. आता वाचेलच म्हणा.