नाव कोणी घ्यायचं?

आमची आजी आजोबांचं नाव कधी घेत नसे. रेशनच्या दुकानात विचारलं, की ती मला पुढे ढकलायची आणि नाव मी सांगायचो. नाव एकाच्या मनात, उच्चारायचं दुसऱ्याने. बेंगळुरूत पगाराचा प्रोग्रॅम लिहिताना हे पुन्हा आठवलं.

प्रोग्रॅम क्लोजरमध्ये होता. रिच हिकी यांनी २००७ साली आणलेली ही लिस्पच्या कुळातली भाषा जावाच्या घरात राहते आणि जावाच्या क्लासमधल्या मेथड वापरते. सफाई कामगारांचा पगार पूर्ण रुपयांत द्यायचा होता. वरचे पैसे सोडायचे, पुढचा रुपया पुरा करायचा, की जवळच्या रुपयावर आणायचं? जावाच्या मॅथ क्लासमध्ये तिन्हींसाठी मेथड आहेत : फ्लोअर, सील, रिंट. कंत्राटागणिक नियम वेगळा, म्हणून मेथडचं नाव एका फाइलीत ठेवायचं आणि प्रोग्रॅमने ते वाचून हाक मारायची, असं ठरलं.

मी ते नाव ‘नियम’ या चलात घेतलं आणि मॅथपुढे ‘नियम’ लिहिलं. उत्तर आलं, ‘नियम’ नावाची मेथड नाही. त्या जागेवरचा शब्द क्लोजर उलगडून बघतच नाही, जसाच्या तसा घेते. मग इव्हॅल वापरलं : ओळ जुळवायची आणि चालवायची. चाललं. शेजारी बसणाऱ्या ज्येष्ठ बाई एवढंच म्हणाल्या, “फाइलीत कोणी भलतंच लिहिलं तर तेही चालवशील ना रे?” ते काढलं आणि रिफ्लेक्टर लावला. तो नाव अक्षरांत घेतो, मेथड ऐन वेळी शोधतो.

महिनाअखेरीस एक कामगार बाई दोन पावत्या घेऊन आल्या. काम तेवढंच, पगार एक रुपया कमी. फाइलीत कोणीतरी ‘सील’ऐवजी ‘फ्लोअर’ लिहिलं होतं. चूक म्हणून कुठेच काही उमटलं नव्हतं. दोन्ही मेथड खऱ्या, हाकेला दोन्ही ओ देतात. रुपया लहान, पण त्या कंत्राटावर माणसं बरीच होती आणि सगळ्यांचा तो एकाच बाजूला गेला होता.

आता रिफ्लेक्टर नाही. तीन नावं आणि त्यांपुढे तीन फंक्शनं, एवढाच तक्ता आहे. (२०२४ च्या १.१२ आवृत्तीपासून मेथड थेट तक्त्यात ठेवता येते. आधी तिच्याभोवती छोटं फंक्शन गुंडाळावं लागे.) अर्थात त्यात नसलेलं नाव अडतं, चुकीचं निवडलेलं अडत नाही. म्हणून पावतीवर पगाराखाली एक ओळ वाढवली : ‘वरचे पैसे सोडले’ किंवा ‘रुपया पुरा केला’. कन्नडमध्ये. त्या बाईंनी ती बोट ठेवून वाचली आणि मागच्या महिन्याचा रुपया मागितला.