ढोलवाल्याचे क्वार्टर

१९७०च्या दशकात न्यू जर्सीत ज्यांनी संसार मांडले, त्या आम्हां मराठी घरांत एक सवय अगदी सारखी होती. शनिवारी कपड्यांचं बोचकं घेऊन लॉन्ड्रोमॅटला गेलं की मशीनमध्ये टाकण्याआधी प्रत्येक क्वार्टर उलटून पाहायचा. मागे गरुड निघाला तर मशीनमध्ये, ढोलवाला निघाला तर परत पर्समध्ये. त्रिकोणी टोपीतला, ढोल वाजवणारा तो जुन्या काळचा शिपाई, वरच्या बाजूला मशाल, तिच्याभोवती तेरा तारे. पुढे वॉशिंग्टनच्या मुखवट्याखाली दोन सालं, १७७६ आणि १९७६. पंचवीस सेंट तेव्हा हिशेबात धरायची रक्कम होती, तरी हे क्वार्टर मोडवत नसत. मसाल्याच्या डब्यातल्या रिकाम्या वाटीत ते साठायचे आणि भारतात जाताना भाचरांसाठी बरोबर न्यायचे.

अमेरिकेचा इतिहास आम्ही शाळेत शिकलो तो बोस्टनच्या बंदरात चहा बुडवला इतपतच. पुढचा सगळा इथल्या वर्धापनदिनांनी शिकवला. देशाच्या स्वातंत्र्याची द्विशताब्दी जवळ येत होती, म्हणून सीबीएस या टीव्ही वाहिनीवर १९७४च्या ४ जुलैपासून रोज रात्री एक मिनिटाचा कार्यक्रम लागायचा: दोनशे वर्षांपूर्वी आजच्या तारखेला काय घडलं. रोज कोणी तरी नवा चेहरा ते सांगायचा. जेवणं उरकून भांडी घासता घासता आम्ही ऐकायचो. रस्त्यातले आग विझवायचे नळ लोकांनी शिपायांसारखे रंगवले होते. पोस्टाने पन्नास राज्यांच्या झेंड्यांची तेरा-तेरा सेंटची तिकिटं एकाच तावावर काढली. मुलांनी राज्यांची नावं त्या तावावरून पाठ केली आणि त्यांच्यामागे बसून आम्हीही केली.

४ जुलै १९७६ला रविवार होता. हडसन नदीतून मोठमोठी शिडाची जहाजं वर निघाली, पुढे कोस्ट गार्डचं ‘ईगल’. आमच्यातले बरेच जण जर्सी सिटीच्या काठावर गेले होते. तिथल्या पडीक रेल्वे यार्डांच्या जागी लिबर्टी स्टेट पार्क करून राज्याने तो जूनमध्येच लोकांसाठी खुला केला होता. पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना स्वातंत्र्यदेवी दाखवायला आम्ही तिथेच नेत आलो. दुपारी दोनला देशभर घंटा वाजवल्या गेल्या. शेजारी उभी असलेली अनोळखी माणसं हात मिळवून आम्हालाही शुभेच्छा देत होती.

पण त्या उन्हाळ्याची दुसरी बाजू सांगायलाच हवी. भारतात आणीबाणी होती. घरून येणाऱ्या निळ्या एअरोग्रामांत पावसाची बातमी असायची, आजीच्या गुडघ्यांची असायची, राजकारणावर चकार शब्द नसायचा. राजकारणाशिवाय ज्यांचा चहा होत नसे अशी माणसं पावसावर दोन पानं लिहीत होती. त्याच उन्हाळ्यात इथे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिथे तिथे छापलेला. त्यातली राजाविरुद्धच्या तक्रारींची लांबलचक यादी आम्ही त्या वर्षी पहिल्यांदा पूर्ण वाचली. पुढच्या मार्चमध्ये निवडणुकीचा निकाल कळला, तेव्हा घरोघरी फोन खणखणले. कोणी तरी शिरा केला होता.

१९८६ साल मात्र आमच्या पिढीच्या आयुष्यातलं फार मोठं. स्वातंत्र्यदेवीला शंभर वर्षं झाली. पुतळ्याच्या दुरुस्तीसाठी शाळाशाळांतून मुलं सेंट गोळा करत होती, आमचीही. शंभर वर्षांपूर्वी चौथऱ्याला पैसे कमी पडले, तेव्हा पुलित्झरने आपल्या ‘वर्ल्ड’ या वृत्तपत्रातून हाक दिली होती. सव्वा लाखाच्या आसपास लोकांनी एक लाख डॉलरच्या वर जमवले, बहुतेकांनी एका डॉलरहूनही कमी दिला, आणि त्यांची नावं पेपरात छापून आली. हे ऐकल्यावर आम्हाला चाळीतल्या गणपतीची वर्गणी आठवली नसती तरच नवल. त्या ४ जुलैच्या आदल्या संध्याकाळच्या सोहळ्यात सरन्यायाधीश बर्गर यांनी एलिस बेटावरून शपथ दिली आणि उपग्रहावरून देशभरात हजारो लोक एकाच वेळी नागरिक झाले. आमच्यातल्या अनेकांनी त्याच सुमारास शपथ घेतली. त्याआधी घरात महिनोन् महिने चर्चा चालली होती. भारतीय पासपोर्ट परत करायचा म्हणजे काय, हे ज्यांनी केलं त्यांनाच ठाऊक. तेव्हा परदेशी नागरिक झालेल्यांसाठी भारताचं ओसीआय कार्ड वगैरे काही नव्हतं.

अमेरिकेच्या संविधानाची दोनशे वर्षं १९८७ला झाली, मुलांनी निबंध लिहिले. आम्हाला त्याहून जवळचा सोहळा पुढे आला. कोलंबिया विद्यापीठाला २००४मध्ये अडीचशे वर्षं झाली, तेव्हा विद्यापीठाने काळाच्या पुढे असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांचा गौरव केला आणि त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९१३ ते १९१६ ते तिथे शिकले. इथल्या जुन्या संस्थेच्या वाढदिवसात आपलं माणूस यजमानांच्या बाजूला उभं आहे, याचा आनंद आम्ही मराठी मंडळाच्या कार्यक्रमातून आणि फोनवरून पोटभर वाटून घेतला.

इतके वाढदिवस साजरे केले, पण ज्या तारखेमुळे आम्ही इथे आलो ती आमच्या एकाही घरात साजरी झाली नाही. ३ ऑक्टोबर १९६५. त्या दिवशी स्वातंत्र्यदेवीच्या पायथ्याशी बसून अध्यक्ष जॉन्सन यांनी स्थलांतराच्या कायद्यावर सही केली. त्याआधी भारतीयांना वर्षाला शंभरच जागा होत्या. देशांच्या नावांवरून माणसं मोजायची ही पद्धत त्या कायद्याने संपवली आणि इंजिनियर, डॉक्टर, संशोधकांना वाट मोकळी झाली. नागरी हक्कांसाठी कृष्णवर्णीय लोकांनी मार खाल्ला, तुरुंगवास भोगला, त्या लढ्याने देशाची हवा बदलली नसती तर हा कायदा झाला नसता, असं आम्हाला ठामपणे वाटतं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची राष्ट्रीय सुट्टी पहिल्यांदा मिळाली तीही १९८६च्याच जानेवारीत. आम्ही त्या सुट्टीत सेलला गेलो. कायद्याची पंचविशी गेली, पन्नाशीही गेली. आमच्या मुलांना १७७६ तोंडपाठ आहे, १९६५ विचारलं तर ती आमच्याकडे पाहतात.

२०२६चा ४ जुलै अडीचशेवा. नातवंडांना घेऊन आम्ही नदीकाठी जाणार आहोत, गुडघे साथ देतील तेवढं उभे राहणार आहोत. मात्र ऑक्टोबरात आपल्या मंडळांची कोजागिरी असतेच, दूध आटवलेलं असतंच. त्याच महिन्यात ३ तारीख येते. कोजागिरीच्या त्या संध्याकाळी जुन्या लोकांनी एकेक करून उभं राहावं, कोणत्या साली, कोणत्या व्हिसावर, खिशात किती डॉलर घेऊन उतरलो ते सांगावं आणि मुलांनी ते लिहून घ्यावं, असं मंडळाच्या कार्यकारिणीला आमचं कळकळीचं सांगणं आहे.