भोंगा, पितळ आणि एक टोपी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त भाच्याचं.

तर झालं असं की, आमचे हे चिरंजीव सध्या कादंबरी लिहितायत. बारावीचा अभ्यास सोडून! "मामा, स्टीमपंक आहे," म्हणाला. मला आधी वाटलं इंजेक्शनचा प्रकार असेल. मग त्यानंच समजावलं, की वीज आणि पेट्रोल यायच्या ऐवजी जग वाफेवरच पुढे गेलं असतं तर कसं दिसलं असतं, ते. पितळेची उडती यंत्रं, दातेरी चाकं, डोळ्यांवर जाडजूड गॉगल. हा शब्द के. डब्ल्यू. जीटर नावाच्या लेखकानं 1987 साली काढला म्हणे. याच्या गोष्टीत एक मुलगी आहे, तिच्या बापाला कुणीतरी मारलंय, आणि देशात कायदा म्हणून काही उरलेलाच नाही. ती न्याय मागत हिंडते.

"पण मामा, मी अडकलोय. कायदाच नाही तर न्याय देणार कोण?"

मी म्हटलं, अरे वेड्या, तू सोलापूरचा ना? तुझी गोष्ट तुझ्याच गावात होऊन गेलीय.

वाफेचं म्हणाल तर जुनी मिल 1877 साली सुरू झाली. एक भलं थोरलं इंजिन, त्यावर फिरणारे लांबच लांब दांडे, दांड्यांवरून खाली आलेले पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याला बांधलेलं एकेक यंत्र. माणूसही तसाच बांधलेला. भोंगा वाजला की अख्खी पेठ उठायची. घड्याळ कुणाकडे होतं? माझी आजी शेवटपर्यंत "पहिल्या भोंग्याला" उठायची. गिरण्या गप्प झाल्या तरी हिच्या कानात तो वाजतच होता.

आणि कायदा नसलेले दिवस? तेही झाले. मे 1930. गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि शहर पेटलं. 8 मेला रूपाभवानीच्या बाजूला लोक शिंदीची झाडं तोडायला गेले, गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे गेले. मग लोकांनी मंगळवार पेठेची पोलीस चौकी जाळली, कोर्ट जाळलं. पोलीस शहरातून काढून घेतले गेले. पुढचे तीन-चार दिवस सोलापुरात सरकार नव्हतं. काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यावर उभे राहून गाव सांभाळत होते.

भाचा लगेच, "म्हणजे लुटालूट?"

आजी सांगायची ते उलटंच होतं. ती तेव्हा बारा वर्षांची. त्या चार दिवसांत तिला भीती वाटली नाही. भीती वाटली ती 12 मेला, मार्शल लॉ आला तेव्हा. (आमच्याकडे जुनी माणसं "मार्शल्ला" असं एका दमात म्हणायची.) झेंडा हातात दिसला की वर्षांच्या हिशोबात सक्तमजुरी. डोक्यावर गांधी टोपी दिसली की मार. कायदा आला आणि लोकांनी दारं लावून घेतली.

आता जे लिहिणार आहे ते वाचून काही नातेवाईक रागावतील. काका, आत्या, माफ करा.

आमच्या घरात एक गोष्ट चालत आलीय, की आजोबा त्या स्वयंसेवकांत होते. सातवीत असताना मी 15 ऑगस्टला शाळेत यावर भाषण ठोकलं. पहिलं बक्षीस, स्टीलचा पेला. आजोबा पुढच्याच रांगेत बसले होते. घरी आल्यावर ते जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. तो पेला त्यांनी कधी हातात घेतला नाही.

ते 1989 साली गेले. त्यानंतर कधीतरी शेंगा निवडता निवडता आजीनं सांगितलं. आजोबा तेव्हा सतरा वर्षांचे, मिलमध्ये बदली कामगार. 8 मेला ते गर्दीत होते, चौकीच्या समोर. आग लागली तशी घरी पळत आले. मार्शल लॉ लागला त्या रात्री पणजीनं त्यांची पांढरी टोपी चुलीत घातली. बास. एवढंच त्यांचं स्वातंत्र्ययुद्ध.

त्या चौकीत दोन पोलीस मेले. त्या खुनासाठी चौघांना धरलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, आणि 'गझनफर' चालवणारा विशीतला कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी. इकडे गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, संक्रांत तोंडावर. आजोबा दुसऱ्या दिवशी भोंग्याला कामावर गेले.

आजी म्हणाली, "त्यांना माहीत होतं आग कुणी लावली, का नव्हतं, ते मी कधी विचारलं नाही. तूही विचारायचं नव्हतंस भाषणात." मी विचारलं नव्हतंच, मी तर सांगत सुटलो होतो. पण तिचं म्हणणं कळलं.

त्या दोन पोलिसांची नावं मला कुठल्या पुतळ्याखाली दिसली नाहीत. त्यांच्याही घरी कुणीतरी मुलगी असेलच की. हे लिहायला हात जड होतोय, कारण फाशी देणाऱ्या सरकारची बाजू मला घ्यायची नाहीये. पण भाच्याच्या गोष्टीतली मुलगी मला नेमकी तिथूनच आलेली दिसते. असो.

आता पुण्याहून गावी जाताना हुतात्मा एक्सप्रेस असते, त्या चौघांच्याच नावाची. चहावाला येतो, कुर्डुवाडी येते, आपण पेंगतो. आजोबा मात्र चार पुतळ्यांच्या चौकातून कधी जायचे नाहीत. बाजारात जायचं तर गल्ल्यागल्ल्यांतून लांबचा फेरा. आम्हाला वाटायचं, रहदारीचा त्रास होतो.

भाच्यानं हे सगळं ऐकून घेतलं. फोनवर बराच वेळ गप्प. काल त्याचा निरोप आला. मुलीच्या गोष्टीत त्यानं एक नवीन पोरगा घातलाय, पितळेच्या कारखान्यात काम करणारा, ज्यानं सगळं पाहिलंय आणि जो बोलत नाही. ती मुलगी शेवटी त्याच्या दारात येऊन उभी राहते.

"मामा, त्याला पणजोबांचं नाव दिलं तर चालेल का?"

तुझ्या आईला विचारून सांगतो म्हटलंय. अजून विचारलेलं नाही.