काळ्या खिडकीचे रंग

संगणकाच्या तासाला कमांड प्रॉम्प्ट उघडून दाखवा, पोरांचा पहिला हट्ट ठरलेला असतो. "सर, पिक्चरमधल्यासारखी हिरवी अक्षरं करा ना!" सोपं आहे. कलर लिहा, जागा सोडून शून्य आणि ए, मग एंटर. पहिलं चिन्ह पार्श्वभूमीचं, दुसरं अक्षरांचं. रंग १६, म्हणजे ० ते ९ आणि पुढे ए ते एफ. (सोळाच्या पायाची संख्यापद्धत शिकवायला मी हेच वापरतो.)

आमच्या इंदापूर तालुक्यातल्या शाळेत आठवीच्या मुलांनी या कमांडवर प्रश्नमंजूषा केली. उत्तर बरोबर आलं तर अख्खी खिडकी हिरवी, चुकलं तर लाल. एक मुलगा मात्र दर वेळी शेजाऱ्याला विचारायचा, "आलं का चुकलं रं?" पोरं हसायची. त्याला लाल-हिरवा सारखाच दिसतो, हे घरीही कुणाला माहीत नव्हतं. डाळिंब तो टिचकी मारून पारखतो, त्याचं उलट कौतुकच व्हायचं!

गंमत बघा. दोन्ही रंगांना एकच आकडा दिला, तर अक्षरं दिसणार नाहीत म्हणून ही कमांड रंग बदलतच नाही. हिरव्यावर लाल मात्र खुशाल चालतं. ती फक्त आकडे ताडते.

मग आम्ही रंगासोबत 'बरोबर', 'चूक' हे शब्दही टाकले, तेही रोमन लिपीत, कारण या खिडकीत जोडाक्षरं धड उमटत नाहीत. त्याच्या संगणकावर शॉर्टकट केला. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि टार्गेटमध्ये सीएमडी, स्लॅश के, कलर वन ई. 'के'मुळे कमांड चालून खिडकी उघडी राहते. 'सी' दिलं तर लगेच बंद होते. आता खिडकी उघडतानाच निळ्यावर पिवळी अक्षरं येतात. तिथंच फॉन्टही मोठा करून घ्या, मागच्या बाकावरच्यांची सोय होते.

पालकांनो, हा दोष बहुधा जन्मजात असतो, मुलींपेक्षा मुलांत जास्त, आणि नंबरच्या चष्म्यानं जात नाही. तपासणी मात्र साधी आहे. जपानी डॉक्टर इशिहारांनी १९१७ मध्ये काढलेल्या ठिपक्यांच्या पाट्यांतले आकडे वाचायचे. या मुलाची तपासणी बारामतीला झाली.

त्याला रेल्वेचं इंजिन चालवायचंय. भिगवण स्टेशनातून जाणाऱ्या गाड्या त्याला तोंडपाठ आहेत. त्या नोकरीला रंगदृष्टी लागतेच. हे त्याला कसं सांगायचं, यावर त्याचे वडील आणि मी अजून बोलतोय.